जुन्या गाडीच्या ऑईलचा काटा

गोव्यात शिजते त्यातली बरीच भाजी बेळगावहून जाते, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. रात्री मार्केटात गाडी भरायची, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला करत घाट उतरायचा, केरी-साखळीवरून उजाडायच्या आत म्हापसा गाठायचं आणि दुपारी रिकामी क्रेटं घेऊन परत. माझे काका हेच काम करतात. गाडी चारशेसात, केए २२ पासिंगची, वय वीसच्या पुढं. हप्ते कधीच फिटलेत, त्यामुळं डिझेल-टायर वजा जाता जे उरतं ते घरात येतं. आपल्या मंडळातल्या कितीतरी घरांचं गणित असंच आहे. अशा घरात गाडी चार दिवस उभी राहिली की पहिली काळजी एकच, व्यापाऱ्यानं दुसरी गाडी लावली तर?

गेल्या श्रावणात या गाडीचा ऑईल प्रेशरचा काटा नाचायला लागला. सकाळी इंजिन थंड असताना काटा चार किलोच्या आसपास ठाम. पण येताना केरीकडून घाट चढून वर आलं, चोर्ल्याला चहाला थांबलं, की गाडी न्यूट्रलवर असताना काटा शून्याला टेकायचा आणि लाल दिवा लुकलुकायचा. रेस दिली की दिवा विझायचा. चढावर मध्येच काटा थरथरायचा तो वेगळाच. काकांनी हायवेवरच्या एका गॅरेजला दाखवलं. तिथल्या माणसानं दोन मिनिटं इंजिनाचा आवाज ऐकला आणि सांगून टाकलं, "बेअरिंगं गेली. क्रँक ग्राइंडला द्यावा लागणार. हाफ इंजिन करा, सत्तर-पंच्याहत्तर हजार धरून चला." त्याच आठवड्यात एक एजंट घरी येऊन गेला. भंगारापेक्षा थोडी बरी किंमत देतो म्हणाला. माझी चुलतबहीण इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिची फी भरायची होती. काकूंचं म्हणणं पडलं की विकून मोकळे व्हा.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उद्यमबागेत एका हायड्रॉलिक कारखान्यात टेस्ट बेंचवर काम करते. तेल, दाब आणि मीटर एवढंच माझं रोजचं जग. त्यामुळं विकायची की इंजिन करायचं हा प्रश्न फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. त्या दोन आठवड्यांत आम्ही काय काय तपासलं आणि त्याच क्रमानं का तपासलं, ते इथं लिहिते. तुमच्याही अंगणात एखादी जुनी गाडी उभी असेल.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. हायड्रॉलिकमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात की पंप दाब तयार करत नाही, पंप फक्त तेल ढकलतो. ढकललेल्या तेलाला वाटेत जितका अडथळा, तितका दाब. झाडांना पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात जाते. नळ तोच, पाणी तेवढंच, अंगठ्यामुळं आत दाब वाढला. इंजिनात हा अंगठा म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट. ती फट असते मिलिमीटरचा विसावा भाग किंवा त्याच्या आसपास, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीहून कमी. तेल त्या फटीतून पिळून बाहेर पडतं आणि परत खाली चेंबरमध्ये टपकतं. बेअरिंग झिजलं, फट वाढली, की अंगठा सैल झाला. आणि हे सैल होणं सरळ हिशेबानं चालत नाही. फट दुप्पट झाली तर तिच्यातून निसटणारं तेल दुपटीनं नाही, आठपटीनं वाढतं. म्हणून बेअरिंगची झीज आधी वर्षानुवर्षं काट्यावर दिसत नाही, आणि दिसायला लागली की भराभर दिसते.

पण अडथळा तेलाच्या जाडीवरही असतो. तेच तेल पाण्यासारखं पातळ झालं तर फट न वाढताही ते पटकन निसटून जातं आणि दाब पडतो. पंपाला खालून तेलच नीट मिळत नसेल, तरी दाब पडतो. पंपाशेजारची रिलीफ व्हॉल्व्हची गोळी किंवा पिस्टन कचऱ्यानं उघडा अडकला असेल, तरी पडतो. आणि काटाच खोटा असेल तर दाब पडलेला नसतानाही पडलेला दिसतो. म्हणजे "प्रेशर नाही" या दोन शब्दांमागं निदान पाच कारणं असू शकतात. त्यातलं बेअरिंग हे तपासायला सगळ्यात महाग, कारण त्यासाठी इंजिनाखाली झोपून चेंबर उतरवावा लागतो. गॅरेजवाल्यानं पाचवं कारण पहिल्यांदा सांगितलं होतं. ते चूक असेलच असं नाही, पण आधीची चार बघितल्याशिवाय पंच्याहत्तर हजार काढायची माझी तयारी नव्हती. काकांची तर ऐपतच नव्हती.

एक इशारा इथंच देऊन ठेवते. गाडी चालू असताना लाल दिवा लागला आणि रेस देऊनही विझला नाही, तर इंजिन तिथल्या तिथं बंद करायचं. "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊया" म्हणायचं नाही. हा दिवा साधारण अर्ध्या किलोच्या खाली दाब गेला की पेटतो आणि तेवढ्या दाबात भरलेली गाडी ओढत राहिली तर मिनिटा-दोन मिनिटांत क्रँक खराब होऊ शकतो. आमची गाडी रेस दिल्यावर दाब धरत होती, म्हणून तपासायला सवड मिळाली. तरीही त्या काळात काकांनी भरलेली गाडी घाटात नेली नाही. दोन खेपा मित्राच्या गाडीनं केल्या, भाडं जवळजवळ सगळं त्यालाच गेलं.

पहिलं काम फुकटातलं. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवली आणि सकाळी चालू करायच्या आधी ऑईलची पट्टी काढली. तेल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. काका खूश. "बघ, थेंबभर ऑईल खाल्लेलं नाही गाडीनं. उलट भरून आहे." मला मात्र तिथंच खटकलं. वीस वर्षांचं इंजिन थोडं तरी ऑईल खाणारच. काकांनी शेवटची वरखर्ची भर घातली होती तीन महिन्यांपूर्वी. तेव्हापासून पातळी उतरायला हवी होती, आणि ती चढली होती. चेंबरमध्ये वरून कोणी ओतल्याशिवाय वाढू शकतात अशा दोनच गोष्टी, रेडिएटरचं पाणी किंवा डिझेल. पाणी मिसळलं तर तेल दुधाळ, चहात साय फेटल्यासारखं दिसतं. हे काळंभोर होतं. बोटावर घेऊन चोळलं तर चिकटपणा नाही, आणि वास सरळ पंपावर उभं राहिल्यासारखा. वर्तमानपत्राच्या कागदावर एक थेंब टाकला. मध्ये काळा डाग आणि त्याच्याभोवती फिकट ओलं कडं पसरत पसरत रुपयाएवढं झालं. चांगल्या ऑईलचा थेंब इतका पसरत नाही. ही काही प्रयोगशाळेतली परीक्षा नव्हे, पण दिशा दाखवायला पुरते.

आपण डब्यावर १५ डब्ल्यू ४० वाचतो. त्यातला चाळीस म्हणजे इंजिन तापल्यावर, १०० अंशाला, तेल किती जाड राहतं त्याचा वर्ग. त्या तापमानाला त्याचा दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असायला हवा. डिझेलचा दाटपणा त्याहून कितीतरी थंड, ४० अंशालाही २ ते ४.५ च्या दरम्यान असतो. तेव्हा ऑईलमध्ये थोडं डिझेल उतरलं तरी डब्यावरचा आकडा नावापुरता राहतो. तेल तपासणारे साधारण पाच टक्क्यांच्या पुढं डिझेल गेलं की धोक्याचं मानतात. बोटभर वाढलेली पातळी त्याच्या पुढंच होती.

तरीही मी काट्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. डॅशबोर्डवरचा काटा तेलाला कधीच भेटत नाही. इंजिनावर बसवलेलं सेंडर युनिट दाबाप्रमाणं वीज कमी-जास्त सोडतं आणि काटा ती वीज मोजतो. मध्ये वीस वर्षांची वायर, गंजलेली टोकं, इंजिन आणि चॅसिसमधली अर्थिंगची पट्टी. हॉर्न वाजवला किंवा हेडलाइट लावला की काटा हलत असेल, किंवा इंजिनाच्या आवाजाशी काही संबंध न ठेवता उड्या मारत असेल, तर आधी वायर बघायची. खरा दाब कळण्याचा मार्ग एकच. सेंडर काढायचा आणि त्याच्या जागी पाइप लावून साधं यांत्रिक प्रेशर गेज जोडायचं. आट्या जुळेनात, म्हणून उद्यमबागेतल्या एका लेथवर निपल करून घेतलं. गेज आणि फेरे मोजायचा टॅकोमीटर आमच्या कारखान्यातून साहेबांना विचारून आणला.

आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीमामांना बोलावलं ते या टप्प्यावर. त्यांचं गॅरेज आता मुलगा बघतो, पण जुनं डिझेल इंजिन म्हटलं की ते स्वतः येतात. चारशेसात १९८६ साली बाजारात आली, तेव्हापासून ते तिच्या इंजिनात हात घालतायत. त्या इंजिनाला ४९७ का म्हणतात तेही त्यांनीच मला शाळेत असताना सांगितलं होतं, चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचा बोअर. मोठ्या ट्रकचं सहा सिलिंडरचं ते ६९७.

गाडी जांबोटीपर्यंत रिकामी फिरवून आणली, इंजिन पुरतं तापवलं आणि गेज बघितलं. न्यूट्रलवर सातशे फेऱ्यांना ०.४ किलो. दोन हजार फेऱ्यांना दीड. डॅशबोर्डवरचा काटा त्याच वेळी न्यूट्रलला शून्य दाखवत होता, म्हणजे तो दुखणं जरा वाढवून सांगत होता, पण दुखणं खरं होतं. मेस्त्रीमामांचा जुना हिशेब पौंडातला, दर हजार फेऱ्यांना दहा पौंड. दोन हजाराला वीस पौंड म्हणजे साधारण १.४ किलो. त्या मापानं आम्ही काठावर होतो आणि न्यूट्रलला काठाच्या खाली. कंपनीच्या पुस्तकातला आकडा मिळाला तर तोच धरावा, हा हिशेब पुस्तक हाताशी नसतानाचा.

गेज लावल्यावर आकड्याइतकंच बघायचं असतं ते दाब कसा वागतो. मामा बोनेटवर हात ठेवून हळूहळू रेस द्यायला सांगत होते आणि मला शिकवत होते. "रेसबरोबर काटा वर चढालाय न्हवं? मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकलेला नाही. तो अडकला की कितीबी रेस दे, काटा खालीच." रेस वाढवल्यावर दाब आधी चढून मग पडायला लागला तर चेंबरमधली जाळी कचऱ्यानं भरलीय असं समजायचं, कारण पंप जास्त मागतो आणि जाळी देत नाही. ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर काटा पडला आणि सरळ रस्त्यावर परत आला, तर चेंबरमध्ये तेल कमी आहे आणि ते एका बाजूला पळतंय. थंड असताना चांगला आणि तापेल तसा सावकाश उतरत जाणारा दाब हा पातळ तेलाचा किंवा वाढलेल्या फटीचा. आमचा हाच शेवटचा प्रकार होता.

राहिलं चढावरचं थरथरणं. पातळी खुणेच्या वर गेली की फिरणारा क्रँक तेलात आपटतो आणि ताक घुसळल्यासारखा फेस करतो. पंप मग तेलाबरोबर हवाही ओढतो. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही, त्यामुळं काटा थरथरतो. आमच्या टेस्ट बेंचवर टाकीतलं तेल फेसाळलं की गेज अगदी असंच करतं, म्हणून ते मला लगेच ओळखू आलं. काकांच्या दोन्ही तक्रारी, न्यूट्रलला पडणारा आणि चढावर नाचणारा काटा, एकाच कारणानं समजत होत्या.

आता डिझेल येतं कुठून? मामांनी काकांना विचारलं, "मालक, सकाळी पांढरा धूर मारती का गाडी? सुरुवातीला थोडी अडखळती?" काका म्हणाले, होय की, पण पाऊस आहे म्हणून असेल. चारही नोझल काढून आम्ही पंपवाल्याकडे घेऊन गेलो. (तिथं प्रश्न सगळे मी विचारत होते आणि उत्तरं सगळी काकांना मिळत होती. आता मला त्याची सवय झालीय.) नोझल टेस्टरवर तीन नोझल धुक्यासारखा बारीक फवारा मारत होते. तिसऱ्या सिलिंडरचं नोझल फवारा संपल्यावरही टोकाशी थेंब सोडत होतं. असं गळणारं डिझेल पुरतं जळत नाही. सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑईल धुऊन काढत, रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरमध्ये उतरतं. डिझेल पंप आतून झिजला असेल तर काही इंजिनांत तिथूनही उतरतं, म्हणून पंपवाल्याला तोही बघायला सांगितला. तो ठीक होता. नोझलची टोकं चारही बदलली, कारण तीन जुनी आणि एक नवं ठेवून काही दिवसांनी परत तिथंच उभं राहण्यात अर्थ नव्हता.

त्यानंतर जुनं ऑईल गरम असतानाच सोडलं, फिल्टर बदलला, नेहमीचंच १५ डब्ल्यू ४० भरलं, खुणेपर्यंत, वर नाही. गाडी परत जांबोटीपर्यंत फिरवली. न्यूट्रलला १.० किलो, दोन हजाराला २.६. काटा चढावर स्थिर. चार नोझल, ऑईल आणि फिल्टर एवढ्यावर दाब दुपटीच्या आसपास गेला होता.

काकांच्या दृष्टीनं काम संपलं होतं. पण मामा म्हणाले, "डिझेल पिऊन पळालेली बेअरिंगं हायत मालक. एकदा बघूया. न बघता घाटात न्यायची म्हणजे देवावर सोडल्यासारखं." मलाही तेच वाटत होतं. तापल्यावर एक किलो म्हणजे पास, पण गाडीचा दाब पूर्वी किती होता हे कुणालाच सांगता येत नव्हतं, काट्याकडे तोवर कुणी आकडा म्हणून बघितलंच नव्हतं. काका तयार होईनात. व्यापाऱ्याचा दोनदा फोन येऊन गेला होता, अजून दोन दिवस गाडी उभी राहिली तर तो दुसरी लावणार हे उघड होतं. शेवटी काकूच म्हणाल्या की एवढं केलंय तर तेही बघून टाका, नाहीतर हे रोज रात्री घाटात आणि मी इथं जागी.

चेंबर उतरवला. जाळीवर थोडा गाळ होता, ती डिझेलनं धुतली. पंपाच्या गिअरमध्ये खेळ नव्हता. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या कॅपा सोडल्या. बेअरिंगच्या पाटीवर वरून एक अगदी पातळ करडा थर असतो, त्याच्याखाली तांब्याच्या रंगाचा थर आणि पाठीला पोलाद. वरचा करडा थर मऊ असतो, बारीक कचरा त्यात रुतून बसतो आणि क्रँक वाचतो. तिसऱ्याच्या पाटीवर मधोमध तांबं उघडं पडलेलं होतं. दुसऱ्याचा करडा थर ठिकठिकाणी विरळ. म्हणजे हायवेवरचा गॅरेजवाला अर्धा बरोबर होता, बेअरिंगं झिजली होती.

पण क्रँकचं काय? मामांनी क्रँकच्या जर्नलवरून नख आडवं ओढलं आणि मलाही ओढायला लावलं. नख कुठंही अडकलं नाही. मायक्रोमीटरनं दोन बाजूंनी मोजलं, गोलाई शाबूत होती. प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो, तो जर्नलवर ठेवून कॅप आवळून परत सोडायची आणि धागा किती रुंद चपटा झाला ते पट्टीवर बघायचं. तितक्यावरून फट कळते. झीज सगळी पाट्यांवर होती, क्रँकवर नव्हती. त्यामुळं ग्राइंडिंगची गरजच उरली नाही. स्टँडर्ड मापाच्याच नव्या पाट्या आणल्या. मेन बेअरिंगच्या वरच्या अर्ध्या पाट्या इंजिन न उतरवता बदलायची मामांची पद्धत बघण्यासारखी आहे. क्रँकच्या ऑईलच्या भोकात एक छोटी वाकवलेली पिन बसवतात आणि क्रँक हातानं फिरवतात. पिन जुन्या पाटीला ढकलत बाहेर काढते आणि तशीच नवी आत सरकवते. मी तीन वेळा करायला मागितलं, एकदा दिलं.

नंतरचे आकडे, तापलेल्या इंजिनाचे: न्यूट्रलला १.३, दोन हजाराला ३.१. नोझल, ऑईल, पाट्या, गॅस्केट, मजुरी सगळं धरून एकवीस हजारांच्या आत भागलं. उलट क्रम लागला असता तर? समजा आधी हाफ इंजिन केलं असतं, क्रँक ग्राइंड करून जाड पाट्या घातल्या असत्या, आणि तिसरं नोझल तसंच गळत ठेवलं असतं. सुरुवातीला काटा झकास दिसला असता. मग पातळी परत वर चढली असती, तेल परत पातळ झालं असतं आणि पंच्याहत्तर हजारांच्या नव्या पाट्यांचं तेच झालं असतं जे जुन्यांचं झालं. माझा राग पैशापेक्षा त्यावर आहे. आवाज ऐकून सांगणाऱ्या माणसानं पट्टीसुद्धा काढून बघितली नव्हती.

त्या एजंटाबद्दल एक सांगायचं राहिलं. काकांनी विकत नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग पन्नास नंबरचं जाड ऑईल टाका, काटा आपोआप वर येतो." येतो, खरंच येतो. आणि जुनी गाडी विकणारे बरेच जण हेच करतात. जाड तेल थंड इंजिनात सावकाश पोचतं, त्यामुळं रोज सकाळी चालू करतानाची झीज वाढते, आणि आत डिझेल गळत असेल तर तेही काही आठवड्यांत पातळ होतंच. दुसरी युक्ती म्हणजे रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकून ती कडक करायची. त्यानं जास्त रेसवरचा दाब वाढतो. न्यूट्रलवर, जिथं दुखणं असतं तिथं, तो व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो, त्यामुळं तिथं काडीचा फरक पडत नाही. तिसरी आणि सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे दिव्याची वायर काढून ठेवायची. तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घ्यायला जाणार असेल तर किल्ली फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, लाल दिवा लागतो का ते बघा. लागलाच पाहिजे. आणि विकणाऱ्यानं आधीच तापवून ठेवलेली असो वा थंड, गाडी स्वतः अर्धा-पाऊण तास चढावर चालवा, मग न्यूट्रलवर उभी करून काटा वाचा. सकाळच्या थंड इंजिनाचा काटा बघून कुणी गाडी घेऊ नये.

काकांची गाडी परत म्हापशाच्या खेपा करते. व्यापारी टिकला, बहिणीची फी थोडी उशिरा पण भरली गेली. ते निपल आणि एक स्वस्तातलं गेज आम्ही कायमचं जोडून ठेवलंय, केबिनमधून दिसत नाही पण बोनेट उघडलं की दिसतं. डिझेलच्या हिशेबाच्या वहीत काका आता दर रविवारी एक ओळ जास्त लिहितात, किलोमीटर, पट्टीवरची पातळी आणि तापल्यावरचा न्यूट्रलचा दाब. गेल्या चार महिन्यांत पातळी खुणेपासून थोडी थोडी खाली येतेय, म्हणजे इंजिन ऑईल खातंय, आणि त्याचा आम्हा सगळ्यांना आनंद आहे. दाब १.३ वरून १.२ वर आलाय. पुढच्या ऑईलच्या वेळी जुना फिल्टर कापून आतला कागद उलगडून बघायचा असं मामांनी सांगून ठेवलंय. त्यात तांब्याचे कण चमकले तर परत चेंबर उतरवायचा.